दुसरा पोळपाट

लाकूड सरळ कापता येणं ही फार फसवी कला आहे. फळीवर पट्टी ठेवायची, पेन्सिलीनं रेघ ओढायची, रेघेवर करवत धरायची आणि इकडून तिकडं जायचं. वाटेत गाठ लागली तर तिला दोन शब्द सुनवायचे आणि पुढं सरकायचं. एवढ्या भांडवलावर मी हैदराबादेतल्या आमच्या मलकपेठच्या घरात एक मांडणी, काही खुंट्याळी आणि पाण्याच्या माठासाठी एक घडवंची केली होती, आणि अंबाजीरावांच्या हातात कला आहे असं आळीत बोललं जात होतं. निदान मी तसं बोलत होतो आणि कुणी अडवत नव्हतं. घडवंची डुगडुगते, पण तो फरशीचा दोष आहे. घडवंची घरभर फिरवून मी ते सिद्ध करून दाखवलं आहे. आमच्या घरातली सगळीच फरशी सदोष निघाली.

माझ्यावर गोल कापायची वेळ आली ती मात्र सरकारमुळं. आमच्या हैदराबाद राज्याचे तीन भाग करून ते तिघांना वाटून टाकायचं ठरलं. तेलंगण आंध्राला, कानडी मुलूख म्हैसूरला आणि मराठवाडा मुंबईला. नकाशावर रेघा ओढणाऱ्यांचं एक बरं असतं, त्यांना गाठी लागत नाहीत. आमच्याकडं ती रेघ थेट स्वयंपाकघरातून गेली. माझे थोरले बंधू एकनाथराव, म्हणजे दादा, राज्य सरकारच्या जमिनी मोजणाऱ्या एका खात्यात होते. मराठी माणूस म्हणून ते मुंबई राज्याच्या वाट्याला आले आणि औरंगाबादेत हजर व्हा असा हुकूम हातात पडला. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून मला कुणी हलवलं नाही. लग्नं झाल्यापासून आम्ही दोघं भाऊ एका चुलीवर जेवत आलो होतो. आता दसरा झाला की दादा-वहिनी जाणार होते, आणि दिवाळी दोन गावांत दोन व्हायची होती.

घर वाटताना जावाजावांची भांडणं होतात ती ‘मला हवं’ यावरून. आमच्याकडं सगळं उलटं. सावित्रीवहिनी म्हणायच्या, “तारा, हे घंगाळ तुला राहू दे.” आमची तारामती म्हणायची, “नको अक्का, तुम्हाला नव्या घरात लागंल.” मग ते घंगाळ वहिनींच्या पेटीत जायचं, दुपारी बाहेर यायचं, संध्याकाळी पुन्हा पेटीत जायचं. बिचाऱ्या भांड्यांना आपण कोणत्या राज्यात आहोत ते कळेनासं झालं होतं. पण चाललं होतं ते गोडीत. मग पोळपाटाची पाळी आली.

पोळपाट आमच्या आईचा, म्हणजे या दोघींच्या आत्याबाईंचा. सागवानी, जाडजूड, खाली तीन पाय, आणि तुपापिठानं असा काळा झालेला की त्याचा मूळ रंग कुणी पाहिलेला नव्हता. आई गेली तेव्हा सोनंनाणं काही मागं ठेवून गेली नाही. हा पोळपाट तेवढा होता.

“पोळपाट तुझ्याकडं राहू दे, तारा,” वहिनी म्हणाल्या.

“नको बाई. तुम्ही थोरल्या. आत्याबाईंनी तो तुमच्या हातात दिला होता.”

“मला काय, औरंगाबादेत मिळतात की पोळपाट.”

“मग सुलतान बाजारात काय मिळत नाहीत?”

एवढंच. पण वहिनींचा चेहरा उतरला. “म्हणजे आत्याबाईंचा पोळपाट तुला नको?”

“मी असं कुठं म्हटलं? तुम्हालाच नको झालाय. तिकडं नवा संसार, नवा पोळपाट.”

त्या क्षणापासून बोलणं बंद. आमच्या घरात भांडणाची कुणाला सवय नाही, त्यामुळं ते संपवायचं कसं हेही कुणाला माहीत नव्हतं. चुलीपाशी दोघी हातभर अंतरावर बसायच्या, लाटलेली पोळी एकीच्या हातून दुसरीच्या हातात जायची, पण शब्द जायचा नाही. शब्दांची ने-आण माझ्याकडं होती.

“भावजी, तुमच्या घरात सांगा, मीठ संपलंय.” माझ्या घरात म्हणजे तारा, आणि ती तिथंच बसलेली.

“अहो, अक्कांना म्हणावं, मीठ फडताळात वरच्या कप्प्यात आहे.”

मी वहिनींकडं वळून म्हणायचो, “वहिनी, मीठ फडताळात वरच्या कप्प्यात आहे.” सरकारी नोकरीत कागद इकडून तिकडं पाठवायची सवय असल्यामुळं मला हे जमत होतं, पण पोटात अन्न जात नव्हतं. मी शाळेत असताना वहिनी या घरात आल्या. आईच्या खालोखाल मला हाक मारून जेवायला बसवलं ते त्यांनी. आणि तारा लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर ती वहिनींच्या पदराआडून माझ्याशी बोलायची. या दोघी स्टेशनवर एकमेकींकडं पाठ करून उभ्या आहेत आणि गाडी हलली आहे, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. गाडी तर ठरलेली होती.

आमचे शेजारी हिम्मतराव यांना मी नुसतं सुचवलं, की घरात जरा असं असं झालं आहे. हिम्मतराव पेन्शनीत निघालेले, आणि मलकपेठेत राहायला आल्यापासून इथला रेसकोर्स हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. घोड्यावर त्यांनी कधी पैसा लावला नाही, पण मत प्रत्येक घोड्यावर लावलेलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “यात परेशान होण्यासारखं काय आहे? एकीला पोळपाट द्या, एकीला लाटणं. फैसला.”

हा फैसला मी घरी कळवला नाही.

माझ्या डोक्यात मात्र त्याहून चांगली योजना आली होती. अगदी तसाच दुसरा पोळपाट करायचा. तेवढाच, तेवढाच जाड, तेच तीन पाय. तुपाचा हात मारून तोही काळा करायचा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे आणि म्हणायचं, यातला आईचा कोणता ते आता मलाही माहीत नाही, एकेक उचला. दादांना मी हे सांगितलं. दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “तत्त्वतः मंजूर.” दादा मोजूनमापून बोलणारे आहेत. एका गावच्या बड्या जमीनदारानं त्यांना बांध चार पावलं सरकवून लिहायला सांगितलं होतं. दादांनी बांध होता तिथं लिहिला आणि स्वतः चार तालुके सरकले.

लाकडाची जबाबदारी त्यांनी घेतली. त्यांच्या कचेरीत एका मोडक्या मेजाची सागवानी फळी दाराला टेकण म्हणून लावलेली होती. ती कुणाच्या नजरेत नव्हती, म्हणून दादांनी सरळमार्गी माणसासारखं विचारलं, ही नेऊ का? इथं घोटाळा झाला. कचेरीतल्या मेज-खुर्च्यांची तेव्हा तीन राज्यांत वाटणी चालू होती. बडे मुनशी म्हणाले, दरख्वास्त द्या. दरख्वास्तीवर शेरा आला, फळी कोणत्या राज्याची ते आधी ठरवावे. मेज आंध्राच्या वाट्याला गेलेलं, पण त्याचे खण काढून म्हैसूरवाल्यांनी आधीच बांधून ठेवलेले. फळी मेजाची की खणाची यावर चर्चा झाली. शेवटी फळी म्हैसूरला मिळाली, दार वाऱ्यानं आपटायला लागलं, आणि दाराची वेगळी फाईल निघाली. दादा रिकाम्या हातानं घरी आले आणि म्हणाले, “विचारायला नको होतं.” त्यांच्या तोंडून असं वाक्य मी प्रथमच ऐकलं.

मग मी चादरघाटाच्या पुलाकडं खादर मियाँच्या लाकडाच्या टालीवर गेलो. खादर मियाँ ओंडक्यावर बसून चहा पीत होते.

“क्या बनारे अंबाजी साब?”

“पोळपाट.”

“बजार में मिलता नै क्या?”

“मिळतो. पण मला घरी करायचाय.”

त्यांनी माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. “गोल काटना हाथ से मुश्किल है साब. गोलच होना बोलके है क्या? चौकोन पे रोटी नै बनती?”

मी म्हटलं, गोलच हवा. त्यांनी एक जाड सागवानी तुकडा काढून दिला आणि “अल्ला मालिक है” म्हणाले. मला ते आशीर्वादासारखं वाटलं. आता विचार करतो तेव्हा तसं वाटत नाही.

मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, मी कामाला बसलो. फळीच्या मधोमध खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला पेन्सिल, आणि फिरवली. गोल म्हणजे जिथून निघालो तिथं परत यायचं, एवढं शाळेत शिकलेलो आहे. माझी रेघ परत आली ती निघाली होती तिथून बोटभर बाहेर. सुतळी ओढीनं ताणली होती. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा ती खिळ्याभोवती गुंडाळली जाऊन बोटभर आत आली. तेवढ्यात हिम्मतराव कुंपणावरून म्हणाले, “दोन्हींच्या मधून जा.” मी दोन्हींच्या मधून गेलो.

आता कापायचं. आपली नेहमीची करवत वळत नाही, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, कारण तिला मी कधी वळायला सांगितलंच नव्हतं. तिचं पातं रुंद. ती सरळ जाते आणि वळवू गेलं की जागच्या जागी रुतून बसते. मग युक्ती काढली, की आधी चारी कोपरे सरळ उडवायचे. चौकोनाचा अष्टकोन झाला. त्याचे कोपरे उडवले. प्रत्येक कोपरा उडवला की शेजारी दोन नवे उभे राहायचे. मग कडेपासून रेघेपर्यंत फटी पाडत गेलो, म्हणजे मधले तुकडे पटाशीनं सुटावेत. त्यातल्या दोन फटी बोलता बोलता रेघेच्या आत गेल्या. बोलत होते हिम्मतराव.

“वळणावर चूक होतेय तुमची. घोडा वळणावर बाहेर फेकला जातो. म्हणून जॉकी काय करतो? आतल्या कठड्याला धरून राहतो. आतून घ्या.”

मी आतून घेतलं. फटी खोल गेलेल्या, त्या नाहीशा करायच्या तर अख्खं वर्तुळ लहान करणं भाग होतं. केलं. एका अंगाला जास्त गेलं म्हणून दुसऱ्या अंगाला घेतलं. दुसऱ्या अंगाला जरा चेपलं म्हणून पुन्हा पहिल्या. कानशीनं घासलं, काचपेपरनं घासलं, दूर धरून एक डोळा मिटून पाहिलं, परत घासलं. असं करत शेवटी खरोखर गोल झालं. हिम्मतरावांनीसुद्धा मान डोलावली. फक्त त्यावर पोळी लाटता आली नसती. पुरी लाटता आली असती, तीही भातुकलीतली.

मी ते हातात धरून बसलेला असताना तारा अंगणात आली.

“हे काय केलंत?”

“झाकण,” मी म्हटलं.

“कशाचं?”

“तुला जे झाकायचं असेल त्याचं.”

तिनं ते आत नेऊन दुधाच्या पातेल्यावर ठेवलं. बरोब्बर बसलं. “अहो, आज पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं केलंत,” ती म्हणाली. मांडणी, खुंट्याळी, घडवंची या सगळ्यांचा निकाल तिनं एका वाक्यात लावला. मी अंगावरचा भुसा झाडला. कलावंतानं अशा वेळी बोलू नये.

थोड्या वेळानं वहिनी भेटल्या. “भावजी, तुमच्या घरात दुधाला झाकण झालं म्हणे. बरं झालं. आमचं काय, आम्ही ताटली ठेवू.” झालं, आता वाटणीत एका घरी झाकण आणि एका घरी नाही असा नवाच तंटा उभा राहिला. दुसरं झाकण करायला बसलो. जे न मागता झालं होतं ते मागितल्यावर होईना. ते इतकं लहान झालं की वहिनींनी ते तांब्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, “असू दे, तांब्यालाही लागतंच.” त्यांच्या आवाजात दुखावल्याचं काही नव्हतं, आणि त्यानंच मला जास्त वाईट वाटलं. पोळपाटाच्या बाजूनं पाहिलं तर काम होतं तिथंच होतं, आणि निघायचा दिवस जवळ आला होता.

खादर मियाँनी या खेपेला लाकडाबरोबर एक वेगळी करवत दिली. कमानीत बसवलेलं बारीक, दोऱ्यासारखं पातं. “इससे मुडता साब. लेकिन जल्दी नक्को. पाता सीधा रखना.” मी म्हटलं, हौ. आणि सुतळीचा नाद सोडून मी ठरवलं, की मूळ पोळपाटच फळीवर ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेनं कापत जायचं. आईच्या पोळपाटाच्या कडेला धरून गेलं तर चूक व्हायची कशी?

अडचण एवढीच, की पोळपाट स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघर दोघींच्या ताब्यात. बोलणं बंद झाल्यापासून त्या बाहेरही एकत्र जात नसत, त्यामुळं घर कधी रिकामं होत नव्हतं. शेवटी एका रविवारी वहिनी कापडासाठी सुलतान बाजारात गेल्या आणि हिम्मतरावांनी आपल्या बायकोला, मालनबाईंना, तयार करून ताराला पापड वाळत घालायला बोलावलं. माणसाचा सल्ला कसाही असो, वेळेला उभा राहतो.

दादांनी आधी पोळपाट मोजायला घेतला. टेप उभा धरला. आडवा धरला. मग तिरका धरला.

“अंबाजी, हा गोल नाही.”

“आईचा पोळपाट?”

“एका अंगाला पाव इंच कमी आहे.” त्यांनी पुन्हा मोजलं. “पाव इंचाला जरा जास्तच.”

“पण दादा, पोळ्या गोल व्हायच्या.”

“त्या आईच्या होत्या,” दादा म्हणाले, आणि टेप गुंडाळायला त्यांना उगाचच वेळ लागला.

पोळपाट फळीवर उपडा ठेवला, तीन पाय आकाशाकडं, आणि दोरीनं दोन्ही करकचून बांधलं. दादांनी दाबून धरलं. मी कमान चालवायला सुरुवात केली. आणि काय सांगू, ती वळत होती. आयुष्यात प्रथमच माझ्या हातातली करवत वळत होती. हिम्मतराव कुंपणावरून, आता सरळ, आता वळण, अशी शर्यत सांगावी तशी सांगत होते. अर्ध्याच्या पुढं गेलो. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं, आणि पातं सरळ ठेवायचं असतं हे नेमकं तेव्हा विसरलो. पातं वरच्या बाजूनं आत कललं. लाकडाचा आवाज बदलला. दादा “थांब” म्हणेपर्यंत पातं तटकन तुटलं, माझ्या बोटात शिरलं, आणि आईच्या पोळपाटाच्या कडेचा बोटभर लांब कपचा खाली मातीत पडला.

 हिम्मतराव कुंपणावरून खाली उतरले आणि घरात गेले. दादांनी तो कपचा उचलला, फुंकर मारून माती काढली आणि धोतराच्या सोग्यात धरून उभे राहिले. मी बोट तोंडात घातलं. लहान असताना आईचं काही फोडलं की मी पळून शेतात जायचो. मलकपेठेत शेत नव्हतं. मी पोळपाट सरपणाच्या ढिगाखाली लपवला.

संध्याकाळी दोघी घरी आल्या. त्या दिवशी ज्वारीच्या भाकरी होत्या, आणि भाकरी परातीत थापतात, तिला पोळपाट लागत नाही, म्हणून माझी धाकधूक जरा कमी होती. पण बायकांना आपल्या स्वयंपाकघरातली रिकामी जागा लगेच दिसते. आधी ताराला दिसली. ती फडताळासमोर उभी राहिली, मग वहिनींच्या बांधलेल्या पेटीकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरले. ती वहिनींच्या जवळ जाऊन बसली.

“अक्का, बरं केलंत. माझा जीव शांत झाला.”

वहिनींनीही ती जागा पाहिली होती. त्यांनी ताराच्या ट्रंकेकडं पाहिलं. “तूच बरं केलंस बाई. मी कधीची म्हणत होते.”

“मी तुम्हाला नाही नाही ते बोलले.”

“आणि मी काय कमी बोलले?”

मग दोघी रडल्या, मग हसल्या, मग मीठ कुठं आहे हे एकमेकींना थेट विचारायला लागल्या. पोळपाट ताराच्या ट्रंकेत आहे असं वहिनींना वाटत होतं, वहिनींच्या पेटीत आहे असं ताराला, आणि दोघींनाही त्याचा आनंद होता. इतके दिवस मी ज्यासाठी धडपडत होतो ते मी पोळपाट चोरून साधलं होतं. आनंद व्हायचा तो झालाच नाही. दादांनी आणि मी एकमेकांकडं न बघता भाकरी खाल्ल्या.

बांधाबांधीच्या गडबडीत रोज भाकरीच होत होती, तेव्हा मी ठरवलं होतं, की गाडी सुटेपर्यंत असंच ढकलायचं. पण प्रवासाला निघताना आमच्याकडं दशम्या करतात, दुधात कणीक भिजवून, त्या टिकतात म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कणीक मळून झाली आणि वहिनी म्हणाल्या, “तारा, आजच्यापुरता काढ तो पोळपाट.”

“मी कुठून काढू अक्का? तुमच्या पेटीत आहे ना?”

“माझ्या?”

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग दोघींनी मिळून माझ्याकडं पाहिलं. मी दादांकडं पाहिलं. दादा छताची लांबी-रुंदी मनातल्या मनात मोजत होते.

मी अंगणात गेलो आणि दोन्ही पोळपाट घेऊन आलो. हो, दुसरा मी पुरा केला होता. अपराधी माणसाचा हात कामाला फार चांगला चालतो. तो गोल नव्हता. एका बाजूला फुगलेला, एका बाजूला बसका, आणि आईच्या पोळपाटाचा पाव इंच त्यानं नको तिथं घेतलेला. तीन पायांवर असल्यामुळं डुगडुगत नव्हता, एवढी त्याची अब्रू. दोन्ही मी वहिनींपुढं ठेवले.

“मोडला वहिनी. आईचा पोळपाट मी मोडला.”

वहिनींनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला, कपचा गेलेल्या जागेवरून हात फिरवला. “ते दिसतंय,” त्या म्हणाल्या. “बोटाला चिंधी कशाची? दाखवा इकडं.”

 बोट त्यांच्या हातात देऊन मी शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो. मग सगळी योजना सांगितली, सारखे दोन पोळपाट, एकेकीनं एकेक घ्यायचा, कुणालाच वाईट वाटायचं नाही. दादा म्हणाले, “तत्त्वतः माझीही मंजुरी होती.”

वहिनी दोन्ही पोळपाटांकडं पाहत होत्या. “दोन पोळपाट केलेत भावजी,” त्या म्हणाल्या, “पण लाटणारी एकच आहे.”

मला कळलं नाही. आणि मग कळलं. इतकी वर्षं मी या चुलीपुढं पाटावर बसून जेवत आलो. पोळपाटाशी वहिनी बसायच्या आणि तव्याशी तारा. सणाला, आजारपणात, पाव्हण्यारावळ्यांत, नेहमी तसंच. वहिनींच्या हातून सुटलेली पोळी ताराच्या हातात पडायची आणि फुगून माझ्या ताटात यायची. एकीला दुसरीचं काम कधी करावंच लागलं नव्हतं. गरम पोळी खाणाऱ्याला हे दिसायला हवं होतं. मला फक्त पोळी दिसत होती.

“मला लाटता येत नाही अक्का,” तारा म्हणाली. तिचा आवाज एवढुसा झाला होता. “म्हणून म्हणत होते, तुम्ही न्या. तो समोर असला आणि तुम्ही नसलात तर मी काय करू त्याचं?”

“आणि मला कुठं भाजता येतं?” वहिनी म्हणाल्या. “आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला तव्यावरून उठवलं होतं, तू येईपर्यंत त्याच भाजायच्या. म्हणून तर तुला ठेवून जायचा होता. मला वाटलं, निदान पोळपाट तरी सवयीचा असंल तुझ्या घरात.”

नंतर बराच वेळ दोघींनी पदर डोळ्यांना लावले. मी आणि दादा बाहेर जायला वळलो, तर वहिनी म्हणाल्या, “बसा दोघंही. खायला माणसं लागतील.” मग त्या उठल्या, ताराला हाताला धरून आईच्या पोळपाटासमोर बसवलं आणि स्वतः तव्याशी जाऊन बसल्या.

“हा तू ठेव. मोडका तर मोडका. शिकणारीला चांगला पोळपाट लागतो. माझा हात बसलेला आहे, मला भावजींचा चालंल.”

“पण तो वाकडा आहे अक्का.”

“असू दे. तिकडं गेल्यावर रोज त्यांची आठवण काढून दोन शब्द सुनवीन.”

ताराची पहिली दशमी पोळपाटाला चिकटली. दुसरी एका बाजूनं पापडासारखी आणि एका बाजूनं भाकरीसारखी झाली. वहिनी तव्यावरून मान वळवून सांगत होत्या, “दाबू नको, नुसतं फिरव, ती आपोआप फिरते,” आणि तेवढ्यात तव्यावरची करपायची. तारा इकडून सांगायची, “अक्का, उलटा, उलटा आता,” आणि तेवढ्यात लाटणं घसरायचं. धूर झाला. दोघींच्या डोळ्यांतलं पाणी धुराचं की कशाचं ते मी विचारलं नाही. टोपलीत एकेक दशमी पडत गेली, वेडीवाकडी आणि काळी.

तारानं त्यातली एक उचलून दादांच्या ताटात वाढली. तिला तीन कोपरे होते, एका बाजूला शेपूट निघालं होतं, आणि मधोमध तव्याचा करपलेला डाग. तारा तशीच समोर उभी राहिली. दादांनी चष्मा काढला, पुसला, घातला. दशमी उचलून उभी धरली, आडवी धरली. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या बांधाचं एक पाऊल इकडचं तिकडं लिहिलं नाही, तो काय बोलतो म्हणून मी खाली मान घालून बसलो.

“गोल आहे,” दादा म्हणाले, आणि आणखी एक मागितली.